पान एकशे चौऱ्याऐंशीनंतरचा घोडा

विमा कंपनीत अपघाताचे क्लेम तपासायचं काम मी सतरा वर्षं करतोय, त्यामुळे योगायोगावर माझा मनापासून राग आहे. बस नेमकी त्याच वेळी वळली, कुत्रं नेमकं तेव्हाच आडवं आलं, असली वाक्यं लिहिलेला कागद दिसला की मी आधी चष्मा पुसतो आणि मग अर्जदाराला परत बोलावतो. माणसं खोटं बोलायला लागली की त्यांच्या बोलण्यात 'नेमकं' हा शब्द वाढतो, हा माझा अनुभव आहे. आणि असल्या माणसाला आत्या मिळाली ती सकवारबाई.

सकवारआत्या यशवंतपुरात आमच्याकडेच राहायची. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, मग तिनं शिवाजीनगरच्या एका नर्सिंग होममध्ये आयाची नोकरी धरली आणि तीस वर्षं केली. बेडपॅन उचलली, परक्यांची बाळं न्हाऊ घातली, आणि ज्यांच्याजवळ कुणी नसायचं त्यांच्याजवळ शेवटपर्यंत बसली. घरी येऊन यातलं ती एक अक्षर सांगायची नाही. जेवताना मात्र मला चौथी चपाती वाढून, आज भूक जास्त दिसते, असं स्वतःच ठरवून टाकायची.

तिच्याजवळ एक गोष्ट अशी होती की जी आमच्या समाजात फारशी कुणाजवळ नव्हती. तिला मराठी वाचता यायचं. आमची घराणी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आली. घरात मराठी टिकली, पण शाळा सगळ्यांच्या कन्नड. हिंदीमुळे अक्षरं ओळखता येतात, पण पुस्तकातलं मराठी वाक्य शेवटाला जाईपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होतं. आत्या लहानपणी पाच वर्षं बेळगावला मामाकडे शिकलेली, म्हणून तिला घडाघडा वाचता यायचं. तेवढ्या पाच वर्षांवर ती समाजातली विदुषी झाली आणि तिनं ते पद कधी सोडलं नाही.

दर वर्षी संक्रांतीच्या मागेपुढे अवरेकायच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांनी बाजार भरला, की शनिवारी दुपारी शिवाजीनगरमधल्या समाजाच्या हॉलमध्ये सात-आठ बायका भिजवलेले दाणे घेऊन बसायच्या. हॉल म्हणजे इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि डाळिंबी सुळकन पातेल्यात जाते. निदान तशी जावी अशी अपेक्षा असते. घरोघर त्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी, व्हायचं, आणि हातांना काम असलं तरी कान मोकळे असतात म्हणून आत्या त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. कादंबरी एकच. हॉलमध्ये मराठी पुस्तकच एक होतं. त्याचं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या त्याला तांबडं बुक म्हणायच्या.

तांबड्या बुकात गोदा नावाच्या पोरक्या मुलीवर इतकी संकटं यायची की मी क्लेम तपासला असता तर अर्जदाराला हाकलून दिलं असतं. दुष्काळ, सावत्र आई, आगीत घर. अधूनमधून एखादा दयाळू मास्तर तिला घोंगडी द्यायचा आणि दोन पानांत स्वतःच मरायचा. शेवटी गोदा तापानं फणफणलेलं पोर घेऊन नदीच्या पायरीवर उभी राहते, पाणी चढतंय, अंधार होतोय, आणि तेवढ्यात टापांचा आवाज येतो. सर्जेराव नावाचा घोड्यांचा व्यापारी येतो, तो नेमका तिचा लहानपणी हरवलेला भाऊ निघतो. पुढची दीडशे पानं सुखाची. या सुखात गुलब्या नावाच्या घोड्याचं आजारपण फार होतं. त्याचा पाय मुरगळायचा, पोट फुगायचं, खूर दुखायचा, आणि गोदा त्याची सेवा करायची. बायकांना वाटायचं मोठे लेखक असंच सावकाश लिहितात. मलाही तसंच वाटायचं. भाऊ निघतो तिथं मात्र मी दर वर्षी दात-ओठ खायचो, कारण स्कूटरवरून आत्याला नेणं-आणणं माझ्याकडे होतं आणि मला ते सगळं ऐकावं लागायचं.

तानूबाई नावाची यातली एक श्रोती होती, तिचा या पुस्तकावर वेदाइतका विश्वास. एकदा मार्केटपाशी जटक्याचा, म्हणजे टांग्याचा, घोडा लंगडताना तिला दिसला. तिनं जटकेवाल्याला थांबवून गरम कोंड्याचा शेक कसा द्यायचा, पट्टी किती घट्ट बांधायची, सगळं सांगितलं. चार दिवसांत घोडा बरा झाला आणि जटकेवाला महिनाभर तिला मार्केटला फुकट सोडत होता. साहित्य माणसाला घडवतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत माझ्या टेबलावर दिव्यश्री नावाच्या बाईचा क्लेम आला. मूळची पुण्याची, नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत, तीन महिन्यांपूर्वी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली. खाली लावलेल्या तिच्या स्कूटरवर नारळ पडून दिवा फुटला होता. तो दुरुस्त करून आणला, तर आठवड्यात त्याच झाडाचा दुसरा नारळ त्याच दिव्यावर पडला. मी चष्मा पुसला. इंग्रजीत बरीच उलटतपासणी केली. मग ती वैतागून स्वतःशीच मराठीत पुटपुटली, आणि मीही मराठीत उत्तर दिलं. बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. नवऱ्याखेरीज कुणाशी मराठी बोलून तीन महिने झाले होते म्हणे. फाईल मी बाजूला ठेवलीच, पण दया येऊन तिला शनिवारच्या वाचनाला यायचं आमंत्रण दिलं. आयुष्यात मी विचार न करता केलेलं चांगलं काम हे एवढंच, आणि त्यानंच घात केला.

दिव्यश्री आली, दोन पानं ऐकली आणि आनंदानं ताडकन उभी राहिली. एम.ए.ला तिनं याच कादंबरीवर प्रबंध लिहिला होता. पन्नास लाखांच्या या शहरात मी बोलावून बोलावून नेमकी हीच बाई बोलावली. प्रबंधाचा विषयही तिनं सांगितला: करुणा, कष्ट आणि योगायोग. या लेखकाचं मोठेपण म्हणजे त्यानं योगायोगाला एकदाही शरण जायचं नाकारलं, असं ती भरभरून बोलत होती. त्या काळात असं लिहायला धैर्य लागतं, असंही म्हणाली. बायका माना डोलवत होत्या, कारण पुण्याची भाषा ऐकायला छान वाटते. आत्याचा चेहरा मात्र हातात राहिलेल्या सालीसारखा झाला. पुढच्या शनिवारी स्वतःची स्वच्छ प्रत आणते आणि शेवटचा भाग मीच वाचते, तेवढीच सकवारबाईंना विश्रांती, असं सांगून दिव्यश्री गेली.

तो आठवडा आत्या नीट जेवली नाही. सोमवारी तिनं विचारलं, त्या बाईच्या नवऱ्याची बदली करवता येईल का. मंगळवारी विचारलं, कादंबरीचा विमा असतो का. बुधवारी मी तिला समोर बसवलं, तेव्हा तिनं पिशवीतून तांबडं बुक काढून माझ्या हातात दिलं. पान एकशे चौऱ्याऐंशीचं शेवटचं वाक्य असं होतं: गोदाने लेकराला छातीशी धरले आणि मागे वळून पाहिले, तो. त्याच्या शेजारचं पान एकसष्टावं होतं, आणि ते असं सुरू व्हायचं: टापांची निगा रोज सकाळी राखावी. तिथून शेवटपर्यंत ते पुस्तक घोड्यांच्या आजारांचं होतं.

मला हसू आवरेना. आत्या हसली नाही. पंच्याहत्तर सालची गोष्ट तिनं सांगितली. आदल्या हंगामात कादंबरी नेमकी एकशे चौऱ्याऐंशीवर थांबलेली, कारण अवरेकाय संपली. पुस्तक वर्षभर दाणे सोलणाऱ्यांतल्याच गोजराबाईच्या लोखंडी कपाटात राहिलं आणि नवीन शिवण घालून परत आलं. आधी चोरून वाचायचं नाही हा आत्याचा नेम. वर्षभर गोदा त्या पायरीवर उभी होती आणि आठ बायका तिच्या काळजीत होत्या. आत्यानं पान उलटलं आणि समोर टापा. थांबायला वेळच नव्हता. तिनं घोडा आणला, घोड्यावर माणूस बसवला, आणि त्याला गोदाचा भाऊ केलं म्हणजे कुणी वेडंवाकडं बोलायला नको. दुसऱ्या वर्षी खरं सांगेन म्हणाली, पण दुसऱ्या वर्षी सगळ्यांना घोडा पाठ झाला होता.

"अरे गुरू, शनिवारी त्या मला खोटारडी म्हणतील," ती म्हणाली. "आया म्हणून मला कुणीच हाक मारली नाही, नुसती घंटी वाजवली. तिथं हॉलमध्ये मला वाचणारी सकवारक्का म्हणतात. ते गेलं की माझ्याकडे काय आहे?"

माझं हसू तिथंच थांबलं. मी तिला सांगितलं, आधीच खरं बोलून टाक. ती म्हणाली, तूच सांग. मी म्हणालो, मी कशाला. अशा तऱ्हेनं आम्ही दोघंही शूर माणसं शनिवारपर्यंत गप्प राहिलो.

शनिवारी दिव्यश्रीनं वाचायला घेतलं. वाचन उत्तम होतं, शब्द नाटकातल्यासारखे. गोदा पायरीवर आली तशा बायका दाणे दाबायचं विसरल्या. गोदाने लेकराला छातीशी धरले आणि मागे वळून पाहिले, तो. दिव्यश्रीनं पान उलटलं. तो मागे कोणीही नव्हते. पाणी आणखी एक पायरी चढले.

तानूबाईनं विचारलं, घोडा कुठं आहे. दिव्यश्रीनं विचारलं, कुठला घोडा. तानूबाई समजुतीच्या आवाजात म्हणाली, पुण्यातला घोडा स्वल्प मागून येत असेल, अजून वाच. दिव्यश्रीनं पुढची पानं चाळली आणि कादंबरीत घोडाच नाही, असं अगदी नम्रपणे सांगितलं. सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आत्या भिंतीला धरून उठली. मला माझीच लाज वाटली.

"खाली बस, सकवारक्का," गोजराबाई म्हणाली. "घोडा मी आणला."

मग तिनं सांगितलं. पुस्तक तिच्याकडे होतं त्या वर्षी पावसाळ्यात जळण ओलं होतं. गोजराबाईच्या सासूनं कपाट उघडं पाहून अर्धं पुस्तक न्हाणीघराच्या चुलीत घातलं. गोजराबाईला मराठी वाचता येत नव्हतं. ती घाबरून मार्केटजवळच्या रद्दीवाल्याकडे गेली आणि त्याच मापाचं मराठी पुस्तक मागितलं. बाइंडरनं त्याचा मागचा भाग कापून शिवून दिला. आता आपली चोरी पकडली जाणार म्हणून ती त्या शनिवारी मागच्या दाराजवळ बसली होती. पण सकवारक्का पान उलटून पुढं वाचतच गेली. गोजराबाईला वाटलं, रद्दीच्या ढिगातून देवानं नेमकं तेच पुस्तक हाताला दिलं. त्या चमत्कारासाठी ती बावीस वर्षं दर संक्रांतीला नारळ फोडत होती. कुठला घोडा, हे ऐकल्यावर तिला आज पहिल्यांदा समजलं की देवानं काहीच दिलेलं नव्हतं.

"मग ते सगळं वाचलं कुणी?" गोजराबाईनं विचारलं.

आत्याला आता उभंही राहवेना आणि बसवेना. "मीच केलं," ती म्हणाली. "दवाखान्यात माझ्या हातात काही नव्हतं. तिथं कितीतरी जणी माझ्या डोळ्यांसमोर गेल्या, आणि कुणी भाऊ आला नाही. इथं पुस्तक माझ्या हातात होतं. मला तिला मारवेना."

खाली इस्त्रीवाला पाणी शिंपडत होता, ते ऐकू येत होतं. शेवटी तानूबाईनं कपाळाला आठ्या घालून तिला सतावणारी गोष्ट विचारली.

"म्हणजे तो गरम कोंड्याचा शेक, तोही तुझ्या मनातला?"

"नाही. ते पुस्तकातलंच आहे."

"सरी, ठीक," तानूबाईचा जीव भांड्यात पडला. "मग वाच की पुढं. पोरगी पाण्यात उभी आहे."

आत्यानं डोळे पुसले, तांबडं बुक मांडीवर घेतलं आणि टापांपासून सुरुवात केली. दिव्यश्री आपली प्रत मिटून बायकांत सरकून बसली. तिला कुणीतरी दाणे दिले. तिनं पहिलाच दाणा उलटा धरून दाबला, तो माझ्या चष्म्यावर येऊन आपटला. सर्जेरावानं गोदाला बहीण म्हणून ओळखलं तेव्हा मी दात-ओठ खायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर सगळ्यांत जास्त रडत होती ती एम.ए. झालेली. गुलब्याचा पाय बरा होतो ना, असं तिनं तानूबाईला हळूच विचारलं. तानूबाई म्हणाली, त्याला कोंडा लागेल, पण होतो.

जाताना दिव्यश्रीनं तिची प्रत मला दिली. घरी मी ती एकट्यानं वाचली. गोदा एकशे एक्क्याण्णव पानावर मरते. लिहिलंय फार सुंदर, धैर्यानं लिहिलंय, त्यात एकही 'नेमकं' नाही. मी ते पुस्तक कपाटात सगळ्यात मागे ठेवलं, आत्याच्या हाताला लागणार नाही असं.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी आधी दिव्यश्रीची फाईल काढली. एकच झाड, एकच दिवा, आठवड्यात दोन नारळ. चष्मा न पुसता शेरा लिहिला, 'असं घडू शकतं', आणि सही केली.