खो मिळाल्याशिवाय

ऑफिसातून येताना मी मैदानाच्या कट्ट्यावर जरा टेकते. शाळा सुटल्यावर इथे मुलींचा खो-खोचा सराव असतो. आज तो संपल्यावर शेजारची मुक्ता पायांची माती झटकत बसली होती. फाटकाशी बाइक थांबली. वर्गातलाच कुणी मुलगा.

"चल ना, एक चक्कर मारू. घाबरतेस काय?"

हॉर्न वाजतच राहिला. मुक्ता हलली नाही.

"खो मिळाल्याशिवाय उठलं की फाउल होतो रे," ती हसून म्हणाली.

बाइक निघून गेली. पोरींना 'नाही म्हणा' असं आपण बजावतो, ते डोक्यात राहतं. हिच्या ते गुडघ्यांत उतरलंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेबांचा. उचलण्याआधीच मी उठून उभी राहिले होते.