मशीनवरचं लुगडं

गडचांदूरजवळच्या त्या गावात मीराबाई झोडेंचा सगळा जन्म झाकण्यात गेला. शेजारच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की घर हादरायचं, मागून धूळ यायची, आणि मीराबाई माठ, पीठ, पाळण्यातलं लेकरू, सगळं झाकत सुटायच्या. तक्रार केली तर खाणीचे साहेब विचारायचे, "पुरावा काय?"

यंदा चंद्रपूरहून माधवी नावाची पोरगी आली आणि तिनं मीराबाईंच्या स्लॅबवर धूळ अन् आवाज मोजायची मशीन बसवली. आपली विचारपूस करायला कोणीतरी आलं, एवढ्यानंच म्हातारी हरखली.

आठवड्याभरात माधवी धावत परत आली. मशीननं चंद्रपूरला पाठवलेल्या आकड्यांत गावची हवा निर्मळ होती आणि सुरुंग मुके! वर जाऊन पाहते तर मशीनवर दुहेरी लुगडं पांघरलेलं.

"बाई, हे काऊन झाकलं?"

"मंग? आमच्यासाठी आली बिचारी. तिले धुरळ्यात कशी सोडू?"

माधवीला हसू आवरेना. "बाई, धूळ खायलेच तर आणली तिले!"

मीराबाईंनी लुगडं काढून झटकलं. पांढरा लोट उठला. मग मशीनवर मायेनं हात ठेवून त्या म्हणाल्या, "खाय माय, खाय. तुहे लय उपकार. माह्या तोंडचं कोणाले पटलं नाई, आता तू सांग त्याइले."