हत्ती नसलेल्या जिल्ह्यातलं हत्तीचं टेबल

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात रानटी हत्ती एकही नाही. पण हत्तीची फाइल आहे, आणि ती वनखात्याच्या ऑफिसात माझ्या टेबलावर आहे! कायद्यात हत्तीला पहिल्या यादीतलं संरक्षण, त्यामुळे त्याच्याबद्दलची कुठलीही शंका शेवटी माझ्याकडेच येते. फायलींना वाळवी लागते. किस्से मात्र साठतच जातात.

*

अलोऱ्याजवळून एका काजूवाल्याचा फोन आला. "साहेब, बागेत हत्ती शिरलाय! काळा, भलामोठा!"

आमचे पाटील साहेब कोल्हापूरकडचे, नियमाला एकदम पक्के. लगेच जीप काढली. बागेत उभा होता गवा!

"गवाच काय? मग हाकलू दगड मारून?"

"अजिबात नाही. त्यालाही हत्तीइतकंच संरक्षण आहे."

काजूवाला मोडलेल्या कलमांकडे बघत म्हणाला, "आणि साहेब, मी कितव्या यादीत?"

 त्या दिवशी नुकसानीचा पंचनामा साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

*

एका नवरदेवाला वरातीत हत्ती हवा होता. मुंबईत नोकरी, हौस दांडगी. मी त्याला लागणारे कागद सांगायला लागलो: मालकीचा दाखला, वाहतुकीची परवानगी, तब्येतीचं सर्टिफिकेट...

"अहो, हत्तीची एवढी चौकशी? माझी तर सासऱ्यांनीपण केली नाही!"

"म्हणूनच तर लग्न ठरलं," पलीकडच्या टेबलावरून आमच्या वनरक्षक जाधव मॅडम म्हणाल्या.

वरात उघड्या जीपमधून निघाली. पेढे मात्र आले ऑफिसात.

*

या जाधव मॅडमना खात्याने महिनाभर शेजारच्या जिल्ह्यात हत्तीच्या ड्युटीवर धाडलं होतं. तिकडे खरेखुरे हत्ती आहेत. एका सकाळी केळीची बाग आडवी झालेला शेतकरी त्यांच्यावर उखडला, "तुमचे हत्ती आवरा!"

"काका, वरच्या डोंगरावरची झाडं कुणी तोडली?"

"मालकाने. तो मुंबईला असतो."

"मग हत्तींना त्याचा पत्ता देऊ का?"

काका आधी रागाने बघत राहिले, मग हसले आणि घरात हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मॅडम सांगतात, बागेचं एवढं झालेलं, तरी कपात साखर कमी नव्हती.

*

आणि मग मांडवीच्या सुमनकाकी आल्या. वय सत्तरीपुढे, आवाज खणखणीत. पिशवीतून त्यांनी हस्तिदंती फणी काढली आणि टेबलावर ठेवली.

"आमच्या ह्यांनी कोचीनहून आणलानी. बोटीवर होते ते. आता हे गेले, फणी तेवढी राहिली. भाचा म्हणतो, ही ठेवली तर पोलीस धरतील. खरं काय ओ?"

साहेबांनी समजावलं. मालकीचा दाखला नाही, आणि तो काढायची मुदत कधीच संपली. दाखल्याशिवाय हस्तिदंत ठेवणं हा गुन्हा. "आठ दिवसांत आपणहून जमा केलीत तर मी तसा रिपोर्ट करतो, म्हणजे तुम्हाला त्रास नाही," ते म्हणाले.

"मी काय विकतेय काय? केस विंचरतेय! चाळीस वर्षं दुसरी फणी डोक्याला लागली नाय माझ्या!"

फणी उचलली आणि तरातरा दाराकडे निघाल्या. मला त्या दिवशी कायद्याचा रागच आला.

*

दारात जाधव मॅडम भेटल्या. काकींनी त्यांनाच पकडलं. "तू बघून आलीस ना गो हत्ती? मग ह्यांना सांग, पोरांचे दुधाचे दात पडतात तसे त्याचे पडतात. रानात पडलेले कुणी उचलले तर काय बिघडलं?"

मॅडम म्हणाल्या, "नाही पडत, काकी. हा दात त्याच्या कवटीत आतपर्यंत रुतलेला असतो. हत्ती मेल्याशिवाय मुळासकट निघत नाही. बहुतेक वेळा त्यासाठीच मारतात त्याला."

काकींनी फणीकडे बघितलं. ती पिशवीत ठेवली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

*

आठव्या दिवशी त्या परत आल्या. फणी रुमालात गुंडाळलेली होती.

"घ्या. ठाऊक नव्हतं तोवर विंचरलं. आता हात जात नाय."

पाटील साहेब पंचनामा सांगू लागले, मी लिहू लागलो. "हस्तिदंती फणी, नग एक. एक दात तुटलेला. सोबत रुमाल नाही, रुमाल काकींना परत द्या."

जाधव मॅडम फणी सीलच्या पाकिटात घालणार, तेवढ्यात त्यांना तिच्यात अडकलेला एक लांब पांढरा केस दिसला. तो काढायला त्यांनी बोट पुढे केलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "वस्तू जशी आली तशीच सील करायची असते."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा. पांढरा केस, एक."