लाल दोरा, हिरवा दोरा

गुडघेदुखीनं कुणी मरत नाही, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. मरत नाही, कबूल. पण जगतं कसं, ते विचारायला कोण जातं? आता जिना चढताना माझेही गुडघे कुरकुरतात, आणि नातवाच्या वयाचा डॉक्टर हसत हसत सांगतो, "वयाची झीज आहे, आजी." अरे बाबा, झीज आहे हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. ते मी मायच्या गुडघ्यांवर शिकले.

माय गिरणेच्या काठी, भडगावजवळच्या खेड्यात माझ्या थोरल्या भावाकडे राहायची. मी जळगावच्या एका दवाखान्यात नर्स होते. शिक्षण धुळ्याला झालेलं, लग्न केलेलं नव्हतं, आणि फटकळ म्हणून सगळ्या वॉर्डात प्रसिद्ध होते. तो फटकळपणा मायकडूनच आलेला. गाव तिला अक्का म्हणायचं आणि अक्का म्हटलं की मांडे, असं समीकरणच होतं. आमच्याकडे लग्नात खापरावरचे पुरणाचे मांडे नसले तर व्याही वर्षभर नाक मुरडतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. मायचा मांडा कधी फाटला नाही. गावातल्या प्रत्येक लग्नाला पहिलं बोलावणं तिला असायचं.

हे काम उभ्यानं होत नाही. चुलीशी जमिनीवर एक पाय दुमडून तासन् तास बसावं लागतं. आणि मायला बसता येईनासं झालं. एरंडेल चोळून झालं, रुईची पानं शेकून बांधून झाली, कुणीतरी बिब्बा घालायला सांगितला तोही घालून झाला. गुडघ्यांवर काळे डाग तेवढे राहिले. वहिनी चांगली होती, तिनं ओट्यावर खाट टाकून दिली आणि म्हणाली, "तुम्ही नुसतं बसून सांगा, आम्ही करतो." मायला ते शिवीसारखं लागलं. आमचं सगळं जगणंच जमिनीवर. दळण जमिनीवर, भाकरी जमिनीवर, पंगत जमिनीवर. आणि लाजायचं कशाला, पहाटे लोटा घेऊन शेताकडे जायचं तेही बसल्याशिवाय होत नाही. माय दिवसभर पाणीच पीत नाही आणि त्याचं कारण हे आहे, असं वहिनीनं मला हळूच सांगितलं तेव्हा मी न्हाणीत जाऊन रडले.

त्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. मायचं एकच म्हणणं होतं. "मना पोऱ्यानं लगीन. मांडा मीच करसू. दुसरी कोनी खापरजोडे बसनी तं मी मरी गयी असं समज." ती हे रागानं म्हणाली नव्हती. म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्याच सुमाराला, दिवाळीनंतर, आमच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी झिजेच्या संधिवातावर एक प्रयोग हाती घेतला. मुंबईच्या त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना नव्या गोळ्या पाठवल्या होत्या. निम्म्या रोग्यांना औषधाची गोळी द्यायची आणि निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती खडूची. दोन्हींवर साखरेचा लेप, म्हणजे चवीनंही कळायचं नाही. एका जातीच्या पुडीला लाल दोरा, दुसरीला हिरवा. कुठला दोरा कशाचा, हे मुंबईच्या वरिष्ठांखेरीज कुणाला माहीत नाही, खुद्द आमच्या डॉक्टरांनाही नाही. रोगी हवेत खेड्यातले, आणि डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना आमची बोली कळेना. म्हणून मला बरोबर घेतलं.

मी ऐकलं आणि भडकले. "खडू? दुखण्यानं विव्हळणाऱ्या बाईला खडू द्यायचा? आमच्या बायका काय उंदीर आहेत का?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा, मला तर त्याचाही राग यायचा. ते म्हणाले, "सिस्टर, रुईच्या पानानंही बायकांना बरं वाटतं ना? उन्हाळा लागला की वाटतं, लेक माहेरी आली की वाटतं, मी नुसता हात लावून गुडघा बघितला तरी वाटतं. मग गोळीनं किती बरं वाटलं, ते मला कसं कळणार? आजवर आपण सगळे न विचारताच औषधं देत आलो. मला एकदा विचारून बघायचंय."

मुद्दा बरोबर होता, पण हार मानायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. मी म्हटलं, "ठीक आहे. पण बायकांना सांगायचं. दोन तऱ्हा आहेत, एकीत औषध नाही, कुणाच्या वाट्याला काय येईल ते आम्हालाही ठाऊक नाही, असं स्पष्ट सांगायचं. नाही तर मी येणार नाही." त्या काळी रोग्याला असं कुणी सांगत नसे. डॉक्टर जरा विचारात पडले, आणि मग हो म्हणाले.

महिन्यातून एकदा भडगावच्या बाजाराच्या दिवशी आम्ही एस.टी.नं जायचो आणि धर्मशाळेच्या ओट्यावर बसायचो. आमच्या गावातून मायसकट पाच जणी बैलगाडीनं यायच्या. त्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी पिंजाऱ्याची विधवा होती. सारं गाव तिला भाभी म्हणायचं. गाद्या भरून भरून तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती. मी सगळ्यांना खडूची गोष्ट नीट सांगितली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, माना डोलावल्या. मला वाटलं, शहाण्या आहेत, समजलं त्यांना. मायला लाल दोऱ्याची पुडी मिळाली, भाभीला हिरव्या दोऱ्याची. ज्या रंगाची पहिली, त्याच रंगाची दर महिन्याला द्यायची.

डॉक्टर प्रत्येकीला ओट्यावरून चालायला लावायचे, खाली बसायला, उठायला लावायचे. दुखणं मोजायची त्यांची युक्ती मला आवडली होती. "रुपयाला किती आणे दुखतंय?" असं विचारायचे. नवे पैसे यायचे होते तेव्हा, आणे सगळ्यांना कळायचे. पण मायनं त्यांना कधी खरा आकडा दिला असेल तर शपथ. माणूस एवढ्या लांबून येतो, उन्हात बसतो, त्याच्या तोंडावर दुखतंय म्हणायचं म्हणजे त्याचा अपमानच की! "बठ्ठं बरं शे, डाक्टरभाऊ," ती म्हणायची आणि उठताना खांबाला धरायची. मग मी म्हणायचे, "माय, खरं सांग, नाही तर मी सांगते." डॉक्टर हसून खांबाकडे बघून लिहून घ्यायचे.

तरी फरक पडत होता. फाल्गुनात ती खांबाला न धरता निम्म्यापर्यंत खाली गेली. मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टर मात्र म्हणाले, "थंडी संपलीय, सिस्टर. घाई नको." त्यांना एक देऊन टाकावी असं मला वाटलं.

वैशाखात मी रजा घेऊन गावी गेले. मांडवात बायका जमल्या, परसात खापर तापलं. माय ओट्यावरून उतरली, चुलीशी आली, भिंतीला हात लावला आणि हळूहळू, ओठ आवळून, खाली बसली. बसली! पदर खोचून तिनं पहिला गोळा हातावर घेतला आणि तो पसरत पसरत कोपरापर्यंत गेला. कुणीतरी म्हणालं, "ओ माय व, अक्का बसनी!" माय कुणाकडे बघतही नव्हती. लग्नाचे सगळे मांडे तिनं केले. तिचा चेहरा इतका शांत मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

मग ती उठायला गेली आणि उठता येईना. एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला. चेहरा पांढरा पडला. मी धावणार तेवढ्यात भाभी पुढे झाली. "अरी अक्का, हात दे," म्हणत तिनं एका काखेत हात घातला, धर्मशाळेत येणाऱ्या दुसरीनं दुसऱ्या काखेत, आणि दोघींनी तिला उभं केलं. खाटेपर्यंत धरून नेलं.

संध्याकाळी मी मायला गोळी द्यायला कोनाड्यात हात घातला तर पत्र्याच्या डब्यात ढीगभर गोळ्या सुट्या पडलेल्या, आणि त्यांच्यात लाल, हिरवे दोरे. मला कळेना. "माय, हे काय?"

"बठ्ठासन्या गोया," माय म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. पाची जणींनी पहिल्याच दिवशी, बैलगाडीत, पुड्या सोडून गोळ्या एकत्र केल्या होत्या. भडगावला येऊ न शकणाऱ्या आणखी दोघीतिघींनाही त्यातूनच देत होत्या. घरात नवं काही आलं, पहिला हरभरा निघाला, म्हशीचा चीक झाला, की शेजारी वानोळा पाठवायचा, ही आमची रीत. तसा ह्या गोळ्यांचाही वानोळा झाला होता.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, औषधाचा कुणी वानोळा देतं का? सहा महिने आम्ही काय झक मारली? एक गोळी रोज घ्यायची, ती तू वाटलीस! म्हणून उठता आलं नाही तुला!"

"तूच सांगं ना व," ती म्हणाली, "एकीना नशिबमा औषध, दुसरीना नशिबमा खडू. पाची जनी एक गाडीमा बसनूत. मी एकलीच औषध कशी खाऊ?"

माझा राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढावा ते समजेना.

जळगावला परतल्याबरोबर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच सांगायला लावलं होतंत." मी म्हटलं, "हो, आणि पुन्हा सांगायला लावेन." त्यावर ते हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता. आमच्या गावच्या पाची जणींना प्रयोगातून वगळावं लागलं. बाकीच्या गावांत काय झालं असेल, हा विचार त्यांनी बोलून दाखवला नाही, मीही नाही.

श्रावणात मुंबईचे वरिष्ठ दवाखाना बघायला आले. बाकीच्या गावांतल्या पुड्याही वाटून झाल्या होत्या, गुपित ठेवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगून टाकलं: लाल दोरा औषधाचा, हिरवा खडूचा. म्हणजे मायची गोळी खरी होती. मी डॉक्टरांना विचारलं, "तिनं सगळ्या स्वतः घेतल्या असत्या तर उठली असती ना?" खोटं बोलून माझं समाधान करणं त्यांना सोपं होतं. ते म्हणाले, "कदाचित. मला ठाऊक नाही. तेच तर शोधत होतो." त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माणूस आवडला. त्यांनी औषधाच्या गोळ्यांचा एक डबा मायसाठी माझ्या हातात ठेवला.

तो डबा घेऊन मी गावी गेले. मायच्या खाटेवर बसले आणि तिला सांगितलं की तुझ्याच पुडीत औषध होतं, ते तू वाटून टाकलंस. हा डबा फक्त तुझा. कुणाला द्यायचा नाही, माझी शपथ आहे.

मायनं डबा उलटसुलट करून पाहिला. तिनं एवढंच विचारलं, "भाभीना दोरा कोनता व्हता?"

"हिरवा. खडू."

ती एकदम खदखदून हसायला लागली, इतकी की वहिनी आतून बाहेर आली. "म्हंजे लगीनमा तिनी माले उचलं, ते मनीच गोयी खाईसन!"

मला हसू येईना. मला रडू येत होतं. उरलेल्या आयुष्यात तिला मोकळेपणानं उठता-बसता यावं, एवढंच मला हवं होतं, आणि तो डबा तिच्या हातात होता. मी पुन्हा म्हटलं, "माय, एवढं ऐक. एकटीनं घे."

तिनं पदरानं माझे डोळे पुसले. "एकलीनी खाईसन मी बसी जासू व पोरी," ती म्हणाली, "पन माले उठाडी कोन?" आणि भिंतीपलीकडे तोंड करून तिनं भाभीला हाक मारली.