बाबांच्या दारातला बेंजो

आमच्या बाबांनी घरपट्टी भरायचं सोडून दिलं त्याला बरीच वर्षं झाली होती. पैसे नव्हते म्हणून नव्हे. होडी विकली तरी दोन खोल्यांचं भाडं येत होतं, आईची सुकी मासळी चालत होती. कारण वेगळंच होतं. आमच्या खाडीकाठच्या गावाच्या तोंडाशी लग्नकार्यासाठी भाड्याने देतात ते एक मोठं लॉन आहे. त्याचा मालक आमच्याच भागाचा नगरसेवक, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा निवडून आलेला. हा माणूस लॉनचा कर भरत नाही हे बाबांना कुठूनतरी कळलं आणि तिथून त्यांचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. बिल घेऊन येणाऱ्या कारकुनाला ते ओट्यावर बसवत, चहा पाजत आणि सांगत, "लॉनवाला भरंल त्या दिवशी मी भरीन." कारकून चहा संपवून हसत निघून जाई. वर्षानुवर्षं हा दोघांचा सण ठरलेला होता.

आणि अशा माणसाची मुलगी नगरसेविका झाली. म्हणजे मी.

लग्न होऊन मी ठाकुर्लीला आले, ब्लाउज शिवायचं दुकान काढलं, इतक्या बायकांची मापं घेतली की प्रभागातलं कुठलं घर कुठे हे मला तोंडपाठ. माहेरचं गावही याच प्रभागात. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा तिकीट माझ्याकडे चालत आलं. गंमत अशी की पॅनलमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर उभे होते ते हेच लॉनवाले. पोस्टरवर आम्ही दोघं हात जोडून शेजारी शेजारी. बाबांनी ते पोस्टर बघितलं. प्रचाराला आले नाहीत. मी निवडून आले, गुलालाने माखलेली माहेरच्या दारात जाऊन उभी राहिले, तर हे खाडीवर गळ टाकायला गेलेले. त्यांच्या लेखी निवडून आलेला माणूस म्हणजे कर बुडवणारा माणूस, आणि आता मीही त्या रांगेत जाऊन बसले होते. लोकांनी हार घातले, सासरच्यांनी पेढे वाटले, पण बाबांनी मला त्या रांगेतून बाहेर काढावं एवढंच मला हवं होतं. ते काही होईना.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. अर्ज भरताना शपथपत्रात सगळं लिहावं लागतं. मी लिहिलं. शिलाई मशिनी, नवऱ्याची स्कूटर, फ्लॅटवरचं कर्ज, मंगळसूत्र, दोन बांगड्या. ते शपथपत्र कोणालाही बघता येतं हे मला माहीत होतं, पण आमच्या बिल्डिंगमधल्या बायका ते मालिकेसारखं रोज थोडं थोडं वाचतील असं वाटलं नव्हतं. एकीने जिन्यात गाठून विचारलं, एवढंच सोनं, मग हळदीकुंकवाला घालतेस तो हार कुठला? मी म्हटलं, एक ग्रॅमवाला. तेव्हापासून माझ्या दागिन्यांचं कौतुक जे बंद झालं ते आजतागायत बंद आहे. पारदर्शकतेची पहिली किंमत मी अशी मोजली आणि खरं सांगायचं तर मला त्याचं हसूच आलं.

बाबांनीही ते शपथपत्र शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर वाचून घेतलं. मग मला विचारलं, "यात माजा घर कुटं हाय?" मी समजावलं की उमेदवार, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली माणसं एवढंच त्यात येतं. बापाचं घर येत नाही, भावाचं येत नाही. बाबांनी मान हलवली. "मंग लॉन भावाच्या नावावर केला का झाला," म्हणाले आणि उठून गेले.

मला राग आला. पण हा राग बाबांवर आलेला नव्हता, त्यांचं बोलणं बरोबर होतं म्हणून आला होता. माझा स्वभाव असा की राग आला की तो कुठेतरी ठेवल्याशिवाय मला जेवण जात नाही. निवडून आल्यावर मी तो सभागृहात नेऊन ठेवला. थकबाकीदारांच्या दारात ढोल, बँड वाजवून वसुली करायचा विषय चालू होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, वाजवा, जरूर वाजवा, पण सुरुवात आमच्यापासून करा. निवडून आलेल्यांची, त्यांच्या आईबापांची, भावाबहिणींची थकबाकी आधी फळ्यावर लावा आणि बँड पहिल्यांदा त्या दारांत न्या.

सभागृह हसलं. मग वर पत्रकार बसलेले दिसले आणि हसू थांबलं. कॅमेऱ्यासमोर नाही कोण म्हणणार? ठराव झाला. सगळ्यात जोरात बाक वाजवला तो लॉनवाल्यांनी. बाहेर आल्यावर गोड हसून म्हणाले, ताई, मग श्रीगणेशा तुमच्या माहेरापासूनच करू या. त्यांना आमच्या बाबांचं सगळं माहीत होतं. मी बापासाठी माघार घेईन आणि त्यांचं लॉन आपोआप सुटेल, असा त्यांचा हिशेब होता.

मी बाबांना किती समजावलं ते मलाच माहीत. विनवण्या केल्या, भांडले, आईला मध्ये घातलं. मी परस्पर भरते म्हटलं तर म्हणाले, भरलास तर या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. लॉनवाला भरेल त्या दिवशी मी भरीन. पुन्हा तेच.

एका शनिवारी कर विभागातल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. सोमवारी सकाळी बँड निघणार, पहिलं घर तुमच्या वडिलांचं, दुसरं लॉन. आणि चाचरत म्हणाले, मॅडम, हे कोणाला सांगू नका, आधी कळलं की लोक कुलूप लावून गावाला जातात. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं की रविवारी दुपारी मला माहेरी जेवायचं बोलावणं होतं.

असं जेवण मी आयुष्यात जेवले नाही. आईने खाडीतला जिताडा केला होता, तांदळाच्या भाकऱ्या, कालवांचं सुकं. माझ्या नवऱ्याने तिसरी भाकरी मागितली. मी पहिलीच मोडत बसले होते. समोर बाबा. उद्या याच माणसाच्या दारात वाजतगाजत सरकार येणार आणि ते मी आणणार. एक शब्द बोलले असते तर ते दार लावून बहिणीकडे गेले असते, किंवा रागाने का होईना, पैसे भरून मोकळे झाले असते. जिभेवर आलेलं मी भाकरीबरोबर गिळत होते. सांगितलं तर मी आणि लॉनवाले यांच्यात फरक तो काय राहिला? बाबा मात्र त्या दिवशी भलतेच बोलके. उद्या काय काम आहे, सकाळी कुठे असशील, सारखं विचारत होते. मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. आईने अंगण सारवायला घेतलं होतं. रविवारी दुपारी कसलं सारवण, असं मी विचारलं तर म्हणाली, असंच. मला वाटलं, म्हातारी माणसं, येईल ते करतात.

सोमवारी मी गावात पोहोचले तेव्हा बँड आधीच आलेला. आणि बँड कोणाचा, तर आमच्याच गावच्या पोरांची बेंजो पार्टी. कमी दराची सुपारी त्यांचीच होती म्हणे. बेंजोवाला माझा चुलतभाऊ. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि पोरांना इशारा केला.

आता ही पोरं वाजवणार काय? त्यांना येतात ती हळदीची गाणी. वसुलीची वेगळी चाल कोणी बसवलेली नव्हती. ढोल सुरू झाला आणि गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. कोनाची हलद, कोनाची हलद, असं एकमेकींना विचारू लागल्या. कोणाला काही माहीत नाही, पण बेंजो वाजतोय म्हणजे नाचायला तर हवंच. माझी थोरली काकू पदर खोचून मध्ये आली आणि तिने जो ठेका धरला, तो बघून बाकीच्या सुटल्याच. अधिकारी बिचारे माइक घेऊन नोटीस वाचायला बघत होते. त्यांच्या गळ्यात कोणीतरी झेंडूचा हार घातला, त्यांना वाटलं विरोध होतोय, ते आणखी घाबरले. मी ओरडून सांगितलं की ही घरपट्टीची वसुली आहे. काकू नाचता नाचता म्हणाली, असू दे गो, वाजतंय चांगला.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर लाल टोपी, ही टोपी ते फक्त लग्नात आणि नारळी पौर्णिमेला घालतात. त्यांनी हात वर केला, ढोल थांबला. अधिकाऱ्यांना म्हणाले, "वाचा. मोट्यानं वाचा, मागच्यांना पन ऐकू जाऊ दे."

नोटीस वाचली गेली. नाव, घर, थकलेली रक्कम, सगळं. बाबांनी खिशातून चेक काढला. आधीच लिहिलेला, व्याजासकट. तो अधिकाऱ्यांच्या हातात दिला आणि पावती होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग माइक मागून घेतला.

"माजे पोरीनं बँड पयला बापाचे दारात आनला," ते म्हणाले. "आता तो कोनाचे बी दारात जाईल. कोन आरवा येतो बगू."

आणि बेंजोवाल्याला म्हणाले, चल.

पुढचा अर्धा तास आठवला की अजूनही मला एकटीला हसू फुटतं. पुढे बाबा, मागे बेंजो, त्यामागे गावातल्या झाडून सगळ्या बायका नाचत, आणि हार घातलेले अधिकारी मधोमध. लॉनवर त्या दिवशी कोणाचातरी साखरपुडा होता. वाजत येणारी वरात बघून नवरीकडच्यांना वाटलं मुलाकडचे आले. त्यांनी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, हातात पेढे दिले. काकूने दोन घेतले. लॉनवाले धावत आले, चेहऱ्यावरचं हसू तसंच चिकटवलेलं. बाबांनी त्यांना आपली पावती दाखवली आणि शांतपणे विचारलं, मी भरला, आता तू? ते म्हणाले, काका, उद्या नक्की. चुलतभाऊ म्हणाला, आम्हाला आज दुसरी सुपारी नाही, आम्ही बसतो इथेच. आणि पुन्हा वाजवायला लागला. साखरपुड्याचे पाहुणे नाचात मिसळले. पाहुण्यांसमोर नोटीस वाचायची वेळ आली तेव्हा लॉनवाल्यांनी अधिकाऱ्यांना ऑफिसात नेलं आणि अर्ध्या रकमेचा चेक फाडला. उरलेलं पुढच्या महिन्यात दिलं. दोनच दिवसांत त्यांचा फ्लेक्स लागला, त्यावर ते हात जोडून आणि खाली नागरिकांना वेळेत कर भरायचं आवाहन. मी तो बघून रिक्षात मोठ्याने हसले, रिक्षावाला मागे वळून बघत राहिला.

पण त्या सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा माहेरी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. मला एकच कळत नव्हतं, चेक आधीच लिहिलेला कसा? त्यांनी सांगितलं. बेंजोवाला शनिवारीच आला होता. काका, तुमच्या दारात वाजवायची सुपारी आलीय, घेऊ की नको, असं विचारायला. बाबा म्हणाले घे, सोडू नको. मग आईला अंगण सारवायला सांगितलं, शेवटी पाहुणे येणार होते.

म्हणजे रविवारी जेवताना मला आणि बाबांना, दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही गप्प होतो. मी म्हटलं, मग शनिवारीच भरून का टाकलं नाही, बँड तरी आला नसता.

"शनवारी भरला असता तर लोकां काय बोल्ली असती?" बाबा म्हणाले. "नगरसेविकेनं बापाला आदीच सांगितला. मंग तुजा ठराव ग्येला खारीत." त्यांची खारी म्हणजे समोरची खाडी. मग म्हणाले, "लॉनवाला भरंल तवाच भरायचा असा माजा शब्द व्हता. तो मोडला. जेवताना तुजे तोंडाकरं बगत व्हतो. आता सांगते का मंग सांगते. तू नाय सांगितलास."

मला रडू फुटलं. इतकं बरं वाटत होतं की रडू आवरावंसंही वाटलं नाही. बाबा काहीतरी अवघड बोलायचं असलं की खाकरतात तसे खाकरले.

"एक सांगू का बाय," म्हणाले, "निवरनुकीला मी तुला मत दिला नव्हता. पुरचे वेलेला देईन."