गुलाबी पुंगळी

चि. रिया आणि कबीर,

आजोबांना जाऊन महिना झाला. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांच्या फोटोपुढची उदबत्ती पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, व्हॉट्स दॅट पिंक थिंग?" रडू येईल म्हणून मी विषय बदलला. आज नीट सांगते.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईत अल मनखूलला राहायचो. आजोबा एका अरबाबच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, नेमबाजी क्लबात स्टोअर सांभाळत. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तिथे वेचून, घासून, सुकवून पुन्हा भरल्या जात. एकदा स्पर्धा तोंडावर आली आणि घासायचं मशीन बंद पडलं. आजोबा सांगून मोकळे, "नो प्रॉब्लेम अरबाब, पीतल मेरे पे छोडो." पाडव्याला देवाची भांडी तेच चिंचेनं लख्ख करत, त्या जोरावर! बादलीभर पुंगळ्या घरी आल्या. तुमची आई तेव्हा शाळेत होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट टेल माय फ्रेंड्स." पहिली खेप चिंचेच्या पाण्यात पडली आणि टीव्हीवर शारजाची मॅच सुरू झाली... मॅच संपेपर्यंत आजोबा काही उठले नाहीत. पुंगळ्या बाहेर काढल्या तर सगळ्या गुलाबी. आंबटानं पितळ खाल्लं होतं. आता नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि व्हिसाबरोबर आपलं सगळंच. मी म्हटलं, "घासून पुन्हा पिवळ्या दिसतील का हो?"

"दिसतील गं. पण पितळ कच्चं झालंय. बंदुकीत फुटलं तर कुणाचा तरी हात जाईल."

सकाळी ते त्या तशाच घेऊन गेले आणि मॅचसकट सगळं सांगून टाकलं. अरबाबनं एक उचलून निरखली. "हबीबी, ये शादी में चलाना है?" मग म्हणाला, "ये खलास. बाकी करो. लेकिन टीवी बंद." आणि हातातली पुंगळी त्यानं आजोबांच्याच खिशात टाकली.

बाकीच्या त्यांनी चिंचेत बुडवून लगेच काढल्या, धुतल्या, बाल्कनीत चादरीवर वाळवल्या. आत ओल राहिली तर भरलेली बंदुकीची दारू फुकट, म्हणून एकेक कानाशी धरून हलवत. "काय म्हणते?" मी विचारलं. "तुझ्यापेक्षा कमी बोलते."

स्पर्धा पार पडली, नोकरी टिकली. पुण्याला परतल्यावरही धुतलेला तांब्या फळीवर ठेवण्याआधी ते कानाशी नेऊन हलवत. मी हसायचे... आता मीही नेते.

खिशातल्या त्या पुंगळीत उदबत्ती बरोबर बसते. काल देवाची सगळी भांडी घासली, तिला मात्र हात लावला नाही. ती अजून गुलाबीच आहे.