मिस्त्रींचा न दिसणारा चेंडू

“झेल,” म्हणायचे मिस्त्री आणि हातात नसलेला चेंडू माझ्या अंगावर फेकायचे. सकाळची वेळ, रिसोडजवळची आमची सोयाबीन साफ करायची मिल, मी नुकता गेटात पाय ठेवलेला. पहिल्या दिवशी दचकून मी जेवणाचा डबाच पाडला. वांग्याची भाजी मातीत गेली. “डबा पडला तं पडू दे,” मिस्त्री म्हणाले, “मायाकडे पाह्य.”

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, जो दिसला की आपण वाट बदलतो. मी बदलायचो. मी जन्माचा भित्रा, आणि नशिबानं काम मिळालं ते बटनावरचं. मी हिरवं बटन दाबलं की खड्ड्यातून सोयाबीन वर उचलणारा डब्यांचा पट्टा सुरू व्हायचा. पट्टा अडकला की मिस्त्री त्याच खड्ड्यात उतरून तो मोकळा करायचे. त्यांचा जीव माझ्या बोटाखाली असायचा, आणि भुसा उडवणाऱ्या पंख्याच्या घरघरीत खड्ड्यातून कुणी ओरडलं तरी धड ऐकू येत नसे. रोज बटन दाबताना मला भीती वाटायची.

हे असले खेळ मिस्त्रींनी वाशीमहून आणले. कामावर माणसांनी एकमेकांशी नीट बोलावं म्हणून तिथं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. आमच्या मिलमधून कुणीच जायला तयार नव्हतं, मग पन्नाशी ओलांडलेले मिस्त्री गेले. शहरातून आलेल्या मॅडम काही न लिहिता, आयत्या वेळी सुचेल तसं नाटक करायला लावत होत्या. बाकीची मंडळी चहाला म्हणून गेली ती परतलीच नाहीत. मिस्त्री मात्र सगळं शिकून आले. तरुणपणी केनवडच्या गणपतीत त्यांनी नाटकातून कामं केली होती. ते म्हणायचे, “लिहेल तं कोनीबी बोलते. समोरचा काय बोलून राह्यला, ते ऐकनं कठीन हाय.”

मग रोज काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं पोत्यांच्या थप्पीजवळ आमचा गोल. एका खेळात नाव घेऊन चेंडू फेकायचा. भाऊ नाही, काकू नाही, मिस्त्री नाही, नुसतं नाव. नाव कानावर पडलं की सगळ्यांनी हातातलं सोडून नाव घेणाऱ्याकडे पाहायचं. दुसऱ्या खेळात समोरचा काहीही बोलो, आपण ‘हो’ म्हणायचं आणि पुढं जोडायचं.

“खड्ड्यात मगर हाय,” पोती शिवणारा गजानन म्हणायचा.

“हो, अन् तिनं मायी चप्पल नेली,” एक हमाल म्हणायचा.

“हो, अन् आता तिले दुसरीबी पाह्यजे,” दुसरा हमाल जोडायचा.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन हमाल त्या मगरीवरून बोलायला लागले. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

अडलं फक्त कांताबाईचं. ती चाळणीवर खडे वेचायची. मिस्त्री तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांचं नाव ती कशी घेणार? पदर पुढं ओढून ती चेंडू दुसऱ्याच कुणाकडे फेकायची. गजाननानं एकदा छेडलं, “काकू, मिस्त्रीले काहून नाई फेकत?” मिस्त्रीच मध्ये पडले. “राहू दे ना. तिचा चेंडू मले घरी भाकरीसंगं भेटते.”

एकदा मी धीर करून विचारलं, “मिस्त्री, हे खेळ कायले?”

पाना पुसता पुसता ते म्हणाले, “पह्यल्या मिलमंधी एकाचा हात गेला. मले दिसत होतं. मालक जोळ उभा होता, म्हनून बोललो नाई.” मग हळूच म्हणाले, “मले भेव वाटते रे. तुयाहून जास्त.”

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दिवाळीआधीचा हंगाम होता. ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. पट्टा अडकला. मिस्त्रींनी फ्यूज काढून खिशात ठेवला, खाली उतरले, पट्टा मोकळा केला आणि वर येऊन फ्यूज माझ्या हातात दिला. मी तो बसवला. तेवढ्यात एक ट्रॉलीवाला माझ्याशी भांडायला आला, मी तिकडे वळलो. पाना खालीच राहिला म्हणून मिस्त्री पुन्हा खड्ड्यात उतरले, ते मला दिसलं नाही. नियमाप्रमाणे मी हात वर करून विचारलं, “सगळे बाहेर?”

गजानन मान खाली घालून पोतं शिवत होता. “हो, अन् चालू कर लवकर.”

खेळातला हो होता तो. माझं बोट बटनावर टेकलं.

आणि चाळणीकडून मिस्त्रींचं नाव ऐकू आलं. नुसतं नाव. ‘थांबा’ म्हणून कुणी ओरडलं असतं तर मी पाहिलंही नसतं, हंगामात दिवसभर ट्रॉल्यांना तेच ओरडणं चालू असतं. पण नाव ऐकलं की पाहायचं, ही चार महिन्यांची सवय. मी पाहिलं. कांताबाई उभी होती, पदर खांद्यावर पडलेला, दोन्ही हात खड्ड्याकडे. मी बोट मागे घेतलं. खड्ड्यातून आधी पाना वर आला, मग मिस्त्रींची टोपी.

कांताबाई खाली बसली आणि रडायला लागली. “भासऱ्याचं नाव घेतलं बाप्पा म्या.” मिस्त्री तिच्यापासून चार पावलांवर थांबले आणि दुसरीकडेच पाहत म्हणाले, “झेलला.”

दुसऱ्या दिवशी गोलात ते म्हणाले, “गजाननची चूक नाई. म्याच तुमाले नुसतं हो शिकवलं. बटनाजोळ पह्यले नाई म्हनाचं, मंग खड्डा पाहून याचं.” एकेकानं माझ्या डोळ्यांत पाहून ‘नाई’ म्हणायचं, असा तो नवा खेळ.

त्यानंतर ते खड्ड्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे आणि परत फिरायचे. कुणी हसलं नाही. होळीनंतर त्यांनी काम सोडलं. गेल्या वर्षी ते गेले. घरी, खाटेवर, हातपाय धड असताना गेले, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

गोल अजून होतो. मिस्त्रींची जागा मोकळी ठेवतो. मी विचारतो, “सगळे बाहेर?” सगळे म्हणतात, “नाई.” गजानन खड्ड्यात डोकावून येतो. मग कांताबाई त्या मोकळ्या जागेकडे हात करून मिस्त्रींचं नाव घेते, नुसतं नाव. माझी भीती काही गेलेली नाही. मी तिच्याकडे पाहतो, आणि मगच माझं बोट पुढं जातं.